धाकटी मोटार

४ फेब्रुवारी, मंगळवार

मुंगीच्या आईस,

पत्र वाचशील की नाही ते सांगता येत नाही, पण पाकीट फोडशील एवढी खात्री आहे. बंद वस्तू बंद ठेवणं तुला कधी जमलेलं नाही. फोन केला की तू उचलतेस आणि तसाच तुझ्या वहिनीच्या हातात देतेस. ती बिचारी विचारते, जेवलात का? मी म्हणतो, जेवलो. मग तिच्याकडेही काही नसतं आणि माझ्याकडेही. म्हणून लिहायला बसलो. शाळेत असताना पत्रलेखनात मला चांगले गुण पडायचे, पण तिथे फक्त मुख्याध्यापकांकडे रजाच मागायची असायची.

माहेरी जाताना तू म्हणालीस, "तिला बोटीवरून उतरवा, मग मी या घरात पाऊल टाकीन." मुंगी तेव्हा अंगणात जाळं धूत होती. तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आधी बोटीवर जाऊन बसली होती. चोवीस वर्षांच्या पोरीला उतरवायचं म्हणजे काय करायचं, ते तू सांगून गेली नाहीस. शिवाय तुला ठाऊकच आहे, हल्ली आपल्यासारख्यांच्या लहान बोटीवर यायला माणूस मिळत नाही. सगळे मोठ्या बोटींवर, नाहीतर बर्फाच्या कारखान्यात. ती नसेल तर जाळं मी एकटा ओढू शकत नाही आणि जाळं ओढलं नाही तर बोट ठेवून काय करायचं?

तिला मी उतरवलं नाही. पण हातावर हात ठेवून बसलो आहे असंही नाही. बोटीला मागे एक लहान मोटार लावतो आहे. आतलं डिझेल इंजिन आहे तसंच राहील. ही वेगळी, मागच्या फळीला बाहेरून अडकवायची, पेट्रोलवर चालणारी, दोरी ओढून चालू करायची. रोज लागणार नाही. मोठं इंजिन रुसलं तर घरापर्यंत आणून सोडेल, एवढंच तिचं काम. मुंगीने तिचं नाव धाकटी ठेवलं आहे.

त्या दिवशी काय झालं ते तू धक्क्यावरून पाहिलंस. लांबून ते होतं त्यापेक्षा वाईट दिसलं असणार. डिझेलमध्ये कचरा आला, इंजिन बंद पडलं, वारा किनाऱ्याकडे होता, आम्ही थोडे वाहत गेलो. मग कारखान्याची लाँच आली आणि आम्हाला ओढून आणलं. एवढंच.

तुझी ती जाळी विणणारी मैत्रीण रोज संध्याकाळी डबा आणून देते आणि डब्याबरोबर दोन शब्दही. मोटारीला मेस्तरी 'स्टेपनी' म्हणतो हे तिला कळलं, तेव्हा अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बायको गेली नाही तोच स्टेपनी आणली होय?" मी खाली मान घालून डबा घेतला.

घरात सगळं जागच्या जागी आहे. दुधाचं लहान पातेलं सोडून. ते करपलं.

मुंगीचा बाप


९ फेब्रुवारी, रविवार

मुंगीच्या आईस,

धाकटी बसली. सविस्तर सांगतो, म्हणजे तुझ्या मनाला बरं वाटेल.

मेस्तरी म्हणजे तोच, मोटारसायकली दुरुस्त करता करता बोटींकडे वळलेला, ज्याला तू दीडशहाणा म्हणतेस. त्याने आधी बोटीभोवती एक फेरी मारली, मग दुसरी मारली, मग म्हणाला, डाव्या बाजूला लावू. मी म्हणालो, मधोमध का नको? त्याच्याआधी मुंगीच बोलली, मधे सुकाणू आहे, उजवीकडून आपण जाळं घेतो, मग राहिलं काय? मेस्तरीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही चहाचं बघा."

फळीला भोकं पाडायची वेळ आली तेव्हा मात्र मला तिथे उभं राहवेना. माझ्या वडिलांनी ती फळी रंधली तेव्हा मी शेजारी बसून भुसा गोळा करत होतो. बोट पाण्यात टाकायच्या आधी त्यांनी तिच्या अंगावरून हात फिरवत एकेक फट शोधली होती. आता तिथे आपणच गिरमिट लावायचं. मी म्हणालो, भोकं जेवढी वर पाडता येतील तेवढी वर पाड, पाण्यापासून लांब. मेस्तरी कुरकुरला. म्हणाला, मोटार जरा खाली बसलेली बरी. मी ऐकलं नाही. शेवटी त्याने माझ्या म्हणण्याप्रमाणे वर पाडली, आतून जाड लाकडाचा तुकडा लावला, डांबरी लुकण भरलं आणि आरपार बोल्ट कसले. त्यावर लोखंडी घोडी, आणि घोडीवर मोटार. काम नसेल तेव्हा वर उचलून ठेवायची, काम असेल तेव्हा खाली सोडायची.

मोटारीच्या वजनाने बोट डावीकडे कलली. मुंगीने डिझेलचे डबे उजवीकडे सरकवले, तेव्हा ती सरळ झाली.

मग धक्क्याच्या आतल्या पाण्यात चालवून पाहिली. मोठं इंजिन बंद. दोरी दोनदा ओढली आणि चालू झाली. आवाज शिवणयंत्रासारखा. एवढीशी मोटार आणि एवढी जड बोट, पण बोट चालली, सावकाश का होईना. धक्क्यावर जमलेले लोक हसत होते. कुणीतरी म्हणालं, हत्तीला उंदीर ओढतोय. हसू दे. उंदराने ओढलं हे महत्त्वाचं.

तेव्हा काळजी करू नकोस. मी तर काल रात्री आडवा पडल्या पडल्या झोपलो.

मुंगीचा बाप


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मुंगीच्या आईस,

काल मुंगीने तुझा निरोप सांगितला. तू तिच्याशी फोनवर बोलतेस आणि माझ्याशी नाही, यात मला वाईट वाटून घ्यायचं नाही असं मी ठरवलं आहे. निरोप तिने तुझ्याच आवाजात म्हणून दाखवला: "बापाला सांग, खोटंच लिहायचं असेल तर तिकिटं फुकट घालवू नका."

ठीक आहे.

मी झोपलो नव्हतो. आडवा पडलो होतो. अंथरुणात पडल्या पडल्या मला ते इंजिन ऐकू येतं. चालू असलेलं नाही, बंद पडतानाचं. आधी एक ठोका चुकतो, मग दोन, आणि मग नुसतं पाणी बोटीला लागल्याचा आवाज. देवाचं नाव घेत राहतो. नाव घेताना मधेच लक्षात येतं की आपण नाव घेत नाही आहोत, त्या ठोक्यांकडे कान लावून आहोत.

आणि त्या दिवसाचं. आम्ही थोडे वाहत गेलो असं मी लिहिलं होतं. आम्ही खडकांपर्यंत गेलो होतो. खडकाला चिकटलेले शिंपले वेगवेगळे दिसत होते. आम्ही दोघं वल्ही मारत होतो आणि बोट जागची हलत नव्हती. लाँच वळण घेऊन आली तेव्हा मुंगीने वल्हं खाली ठेवलं होतं आणि ती पायातले बूट काढत होती. काढून तिने ते फळीखाली नीट जोडीने ठेवले, जसे घरी दाराशी ठेवते. बूट का काढतेस, असं मी विचारलं नाही. पोहायचं तर बूट नकोत, हे मीच तिला लहानपणी शिकवलं होतं. तुला धक्क्यावरून बोट दिसली. बूट दिसले नसतील असं मला वाटत होतं. ते सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता सांगितलं.

धाकटीचंही खरं सांगतो. धक्क्याच्या आत पाणी ताटातल्यासारखं असतं, तिथे कुणीही चालेल. मंगळवारी आम्ही तिला खाडीच्या तोंडाशी नेलं. तिथे लाटा आल्या. लाट खालून गेली की बोटीचं मागचं अंग वर उचललं जायचं, मोटारीचा पंखा पाण्याबाहेर यायचा आणि ती हवेत किंचाळायची. पुन्हा पाण्यात पडली की क्षणभर ओढायची, पुन्हा बाहेर. बोट पुढे जाईचना. मोटारीचा पाय आखूड पडत होता, कारण मी भोकं वर पाडायला लावली होती. बोटीत पाणी शिरू नये म्हणून मी जे केलं त्याने मोटारच पाण्याबाहेर राहिली. मेस्तरी एवढंच म्हणाला, "काका, मासा भिजू नये म्हणून पाण्याबाहेर ठेवल्यासारखं झालं हे." मला हसू आलं नाही. मुंगी मात्र खूप हसली.

बुधवारी त्याने घोडी वीतभर खाली घेतली. नवी भोकं पाडली, जुनी बुजवली. या वेळी मी शेजारी उभा राहिलो. काल पुन्हा तोंडाशी जाऊन आलो. आता पंखा लाटेतही पाण्यात राहतो. हे खरं आहे, मुंगीला विचार.

एक गोष्ट आणखी. मोटारीला एक लाल दोरी असते, गुंडाळी झालेली, तिच्या टोकाला एक चिमटा. तो चिमटा मोटारीच्या बटणाखाली बसवल्याशिवाय ती चालूच होत नाही. दुसरं टोक चालवणाऱ्याने मनगटाला बांधायचं. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते, चिमटा सुटतो आणि मोटार आपोआप बंद होते. म्हणजे पडलेल्या माणसाला टाकून बोट पुढे जात नाही. किती विचार करून कुणीतरी केलं असेल! मी ती दोरी रोज संध्याकाळी काढून घरी आणतो आणि देवाच्या फळीवर दिव्याजवळ ठेवतो. सकाळी नमस्कार करून परत नेतो. चोरीची भीती नको हेही आहेच, पण खरं म्हणजे त्या फळीवर ती रात्रभर असली की मला बरं वाटतं. मुंगी म्हणते, "बाबा, देव काय पोहायला येणार आहे का?" तिला म्हटलं, आला तर तुला सांगून येणार नाही.

तू होतीस तेव्हा फळीवरचा दिवा तू लावायचीस. मी लावतो तेव्हा वात फार मोठी होते.

मुंगीचा बाप


२० फेब्रुवारी, गुरुवार

मुंगीच्या आईस,

घाईत चार ओळी. आम्ही दोघंही घरी आहोत, दोघंही धड आहोत. तुला कुणी फोन करून काही सांगितलं तर आधी ही ओळ वाच: दोघंही धड आहोत. मुंगीच्या हाताला थोडं खरचटलं आहे, ते दोरीने. ती आत झोपली आहे. मी दारात बसून लिहितो आहे, म्हणजे तिचा श्वास ऐकू येतो.

बाकीचं उद्या. आज माझं अक्षर नीट येत नाही.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मुंगीच्या आईस,

तुला आतापर्यंत कळलं असणार. तुझ्या मैत्रिणीच्या पोटात काही राहत नाही. तरी माझ्याकडून ऐक, कारण यातला मुख्य भाग तिला माहीत नाही.

परवा बुधवारी आम्ही जाळं उचलून परत निघालो होतो. दुपार कलत आली होती, वारा वाढला होता. मी मनात इंजिनाचे ठोके मोजत होतो, ती सवयच लागली आहे. ठोके बरोबर होते. एकाएकी खालून घर्रकन आवाज आला. इंजिन चालूच, पण बोट ओढीना. इंजिन आणि पंख्याचा दांडा यांना जोडणारा जोड तुटला होता. इतके दिवस मी ज्या आवाजाला घाबरत होतो तो आलाच नाही, भलताच आला.

वारा आम्हाला पुन्हा त्याच खडकांकडे ढकलत होता. मी नांगर टाकला. खाली कातळ आहे, नांगर धरीना, घासत यायला लागला. दोर हातात धरला की तो थरथरताना जाणवत होता. मुंगीने धाकटी खाली सोडली. मी धावत मागे गेलो आणि दोरी ओढली. चालू झाली नाही. पुन्हा ओढली. मी ओढतच राहिलो. किती वेळा ते मला आठवत नाही. मुंगी काहीतरी बोलत होती, ते मला ऐकू येत नव्हतं. माझे डोळे खडकांकडे नव्हते, तिच्या पायांकडे होते. ती बूट काढते का, हे मी बघत होतो.

शेवटी तिने मला कोपराने बाजूला ढकललं. खरोखर ढकललं, मी जाळ्यावर बसलो. तिने मोटारीवर वाकून पाहिलं आणि विचारलं, "बाबा, लाल दोरी कुठे आहे?"

मी खिशात हात घातला. खिशात नाही हे मला ठाऊक होतं, तरी घातला. सकाळी निघताना मी फळीपुढे उभा राहिलो होतो, नमस्कार केला होता, मुंगीसाठी जे मागतो ते मागितलं होतं. मागण्यातच इतका गुंतलो की दोरी उचलायचीच राहिली.

"देवापुढे," मी म्हणालो.

तुझ्यासारखी बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने कमरेच्या पिशवीतून जाळं सांधायचा धागा काढला, बटण बाहेर ओढून धरलं आणि त्याच्या मानेभोवती धागा गुंडाळत गेली. जिथे चिमटा बसतो तिथे. पुष्कळ वेढे दिले, दाताने तोडला, गाठ मारली. मग मला वाटलं आता ओढेल, तर ती हात मोटारीवर ठेवून नुसती बसली. मी ओरडलो, ओढ ना! तेव्हा म्हणाली, तुम्ही ओढून ओढून आत पेट्रोल भरून टाकलंय, ते उडू दे. नांगराचा दोर धरा तुम्ही. आणि ती बसली. खडक मागे, वारा अंगावर, आणि ती भात शिजायची वाट बघावी तशी बसली होती. मी दोर धरून उभा होतो. त्या वेळात मी देवाला काही मागितलं नाही. मागायचं काही सुचलंच नाही.

मग तिने एकदा ओढली. खोकली. दुसऱ्यांदा ओढली, तेव्हा चालू झाली.

मी नांगर वर घेतला आणि आम्ही तिरपे तिरपे बाहेर निघालो. चालत्या माणसानेही आम्हाला मागे टाकलं असतं. पण खडक लांब जायला लागले. पंखा एकदाही पाण्याबाहेर आला नाही. धक्क्याला लागलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. मेस्तरी उभा होता. त्याने बटणाभोवतीचा धागा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. काल त्याने दुसरा चिमटा आणून बोटीलाच साखळीने बांधून टाकला. म्हणाला, "काका, घरचा देवाकडे राहू दे. हा बोटीचा."

मी खूप विचार केला. देवाने वाचवलं म्हणावं, तर दोरी त्याच्याकडेच होती. देवाने अडवलं म्हणावं, तर धागा पोरीच्या कमरेला कुणी ठेवला? शाळेत गुरुजी सांगायचे, देवापुढे ठेवावं ते आपलं ओझं. मी आमचं हत्यारच नेऊन ठेवलं. रात्री दिव्याच्या उजेडात ती लाल दोरी बघत बसलो होतो. बिचारी तिथे काय कामाची होती?

आता जे सांगायला मी पत्र लिहितो आहे ते. काल सकाळी मुंगी माझ्यासमोर येऊन बसली. हाताला पट्टी होती. म्हणाली, "बाबा, जोड बसला की मी जाणार आहे. तुम्ही येऊ नका."

मी म्हणालो, तुला एकटीला पाठवीन होय? म्हणाली, एकटी नाही, मावशी येते म्हणाली आहे. मावशी म्हणजे तुझी जाळेवाली. तिचे दंड तुला माहीत आहेत, आणि लग्नाआधी ती बापाच्या बोटीवर जायची हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, अगं, मी तीस वर्षं या पाण्यात आहे. ती म्हणाली, "तीस वर्षं तुम्ही मासे धरायला जात होतात. आता तुम्ही मला धरायला येता. मी समोर असले की तुमचे हात तुमचे राहत नाहीत. काल मी नसते तर तुम्ही पहिल्याच झटक्याला बघितलं असतं, चिमटा नाही ते."

तू असतीस तर उत्तर दिलं असतंस. मी उठून बाहेर गेलो आणि अंगणात उगीच एक बादली इकडची तिकडे ठेवली.

तू म्हणाली होतीस, तिला उतरवा. झालं उलटंच. तू काय म्हणशील या भीतीने हे पत्र मी दोनदा पाकिटातून बाहेर काढलं आहे.

मुंगीचा बाप


२ मार्च, रविवार

मुंगीच्या आईस,

काल तुझा फोन आला. तू स्वतः बोललीस. इतक्या दिवसांनी आवाज ऐकला आणि तू विचारलंस, "ती कुठे आहे?" मी म्हणालो, मेस्तरीबरोबर बोटीवर आहे, जोड बसवताहेत, उद्या निघते म्हणते. तू विचारलंस, "आणि तुम्ही?" मी म्हणालो, मी घरीच राहणार. मग तू फोन ठेवलास. रागाने ठेवलास की रडू येतं म्हणून, ते मला कळलं नाही. संसाराला इतकी वर्षं झाली तरी तुझं ते फोन ठेवणं मला अजून वाचता येत नाही.

आज ती गेली. मी धक्क्यापर्यंत गेलो. तिने आधी लाल दोरी मनगटाला बांधली, धाकटी एकदा चालू करून पाहिली, बंद केली, मग मोठं इंजिन चालू केलं. हे सगळं तिने माझ्याकडे न बघता केलं. मावशी पुढे, बोटीच्या नाळेवर बसली होती, पदर खोचून. मला म्हणाली, "भाऊजी, आता डबा तुम्ही करायचा. मीठ बेताचं." आणि त्या गेल्या. बोट मी आयुष्यात पहिल्यांदा मागून पाहिली. जाताना ती किती लवकर लहान होते!

मी तेव्हापासून इथेच आहे, धक्क्याच्या टोकाला जो बाक आहे तिथे. त्या दिवशी तू इथेच उभी असणार. इथून खडक दिसतात, पण खडक आणि बोट यांच्यात अंतर किती ते कळत नाही. सगळं एकमेकांना चिकटलेलं दिसतं. आणि मी तुला लिहिलं होतं की लांबून ते होतं त्यापेक्षा वाईट दिसलं असणार. जणू लांबून बघणं सोपं असतं. बोटीवर काही झालं तर हाताला काम असतं. वल्हं असतं, दोर असतो, चूक करायला तरी मोटार असते. इथे हाताला काही नाही. मघापासून मी तीनदा उठलो आणि तीनदा बसलो. लांब एखादी बोट दिसली की ती आपलीच वाटते, जवळ आली की दुसऱ्याची असते आणि त्या माणसाचा मला राग येतो, तो का आला म्हणून.

तू हे किती वर्षं करत होतीस? आधी मी एकटा जायचो तेव्हा, मग ती माझ्याबरोबर यायला लागली तेव्हा. मी घरी आलो की तू विचारायचीस, आलात का? मला वाटायचं, समोर दिसतोय, तरी हा काय प्रश्न? आणि मी पाय धुवायला पाणी मागायचो.

बोट सुरक्षित झाली आहे, ये, असं मी लिहिणार नाही. तू म्हणालीस खरं लिहा. धाकटी आहे, चिमटा साखळीला आहे, जोड नवा आहे, मुलगी माझ्यापेक्षा शांत आहे. तरी समुद्र समुद्र आहे, आणि देवाने मला कसलंही वचन दिलेलं नाही. मी मागितलंही नाही. आज सकाळी फळीपुढे उभा राहिलो आणि नुसतं सांगितलं की ती आज जाते आहे.

ऊन उतरायला लागलं आहे. दोन बोटी आल्या, आपली नाही. वाऱ्याला जोर नाही, हे बरं आहे. त्यांना उशीर झालेला नाही, हेही मला माहीत आहे. मी असतो तरी या वेळी परतलो नसतो. कळतं, पण त्याचा उपयोग होत नाही.

एक गोष्ट पत्राच्या वरच लिहायला हवी होती, ती आता सुचते आहे. टपालपेटी बाजाराच्या कोपऱ्यावर आहे आणि तिथून पाणी दिसत नाही. ती येईपर्यंत मी इथून हलणार नाही, आणि मी हललो नाही तर हे पत्र पेटीत पडणार नाही. म्हणजे हे तुझ्या हातात असेल तर ती आली. तू वाचते आहेस म्हणजे ती आलेली आहे. मला अजून माहीत नाही, पण तुला माहीत आहे.

उद्या ती पुन्हा जाणार आहे. तू ये. मला हे एकट्याला जमत नाही.